टकल्यावरचा सूर्य आणि आत्याचा चहा

आठवणी म्हातारपणी लिहायच्या असतात हे मला माहितेय. पण मी आता तेवीस वर्षांची झालेय, जिना चढताना उजवा गुडघा कट्कट वाजतो, आणि परवा बँकेच्या रांगेत एका पोरानं मला सरळ "काकू, जरा सरका" म्हणलं. म्हणजे वेळ आलीय. शिवाय ही गोष्ट मी लिहिली नाही तर आत्या तिच्या पद्धतीनं सगळ्या पाहुण्यारावळ्यांना सांगत राहील, आणि तिच्या पद्धतीत मी दर वेळी आधीपेक्षा जास्त रडते. मी रडले नव्हते. डोळ्यात घाम गेला होता.

तर. आमचा परभणी जिल्हा म्हणजे ताटासारखा सपाट. डोंगर म्हणून जे काही उरलंसुरलं होतं ते आमच्या जिंतूरच्या वाट्याला आलं, आणि त्यातला सगळ्यात बारका आमच्या वस्तीच्या मागं पडला. त्याच्या डोक्यावर झाड म्हणून नाही, म्हणून सगळे त्याला टकल्या म्हणतात. वर बरोब्बर मधोमध एक काळा दगड आहे, टकलाला टेंगूळ आल्यासारखा. मानवतचा माझा मामेभाऊ सुट्टीत आला तेव्हा हात कमरेवर ठेवून त्याच्याकडं बघत म्हणला, "ह्याला डोंगर म्हणता व्हय तुमी? आमच्या मोंढ्यात कापसाचा ढीग याच्याहून उंच असतोय." त्या दिवशी मी त्याला आंब्याची कोय पण चोखू दिली नाही. आपल्या डोंगराला आपण काही पण म्हणावं, मानवतवाल्यांनी नाही.

शाळेच्या खिडकीतून टकल्या दिसायचा. मी, वैष्णवी आणि नाझनीन पाचवीपासून एका बाकावर. चित्रकलेच्या तासाला सगळा वर्ग दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढायचा, आमी एकच डोंगर काढायचो, कारण आमच्याकडं एकच होता. एकदा वर जाऊन बघायचं की सूर्य खरंच तसा येतो का, हे तेव्हापासून ठरलेलं. पण दर वर्षी काहीतरी निघायचं. एकदा मला गोवर निघाला, एकदा नाझनीनच्या भावाचं लग्न, एकदा वैष्णवीच्या घरचा सप्ताह. असं करता करता दहावी झाली, निकाल लागला, आणि वैष्णवीला भरमसाठ मार्क पडले. आमच्याकडं दूध जास्त तापलं की उतू जातं आणि पोरगी जास्त हुशार निघाली की लातूरला जाते. क्लास ठरला, हॉस्टेल ठरलं, गादी गुंडाळून झाली. गुरुवारी दुपारच्या एसटीनं ती जाणार. म्हणजे गुरुवारची सकाळ गेली की आमचा सूर्य गेला. नंतर सुट्टीत बघू असं तिघींपैकी एकीनंही म्हणलं नाही, कारण लातूरला गेलेली पोरं सुट्टीत पण पुस्तकात डोकं घालून बसतात हे सगळ्यांनी बघितलेलं होतं.

पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि एकामागं एक विचारलं, "तीन पोरी? एकट्या? अंधारात?" मी म्हणलं, "सूर्य उजेडात कसा उगवंल पप्पा?" हे उत्तर चुकलं. आई भाकरी थापता थापता नुसती हसली. तेवढ्यात आत्या मधी पडली.

आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, आमच्यातच राहते, अंगणवाडीची बाई. आमच्या भागातल्या अर्ध्या पोरांना पहिल्यांदा काट्यावर टांगून तिनंच वजन केलंय, त्यामुळं आता मिश्या फुटलेली पोरं पण तिला बघितली की पोट आत ओढतात. तिचे दोन गुडघे आहेत आणि दोन्ही तिच्या विरोधात आहेत. तरी ती म्हणली, "मी जाते की पोरींसंगं."

"अक्का, तुझे गुडघे?" पप्पा म्हणले.

"त्यांनला पण घेऊन जाते."

झालं. वैष्णवीच्या वडलांनी पण अंगणवाडीच्या बाई संगं हायत म्हणल्यावर हो म्हणून टाकलं. आत्या नसती तर हा डोंगर आमाला चढायलाच मिळाला नसता. हे मी आधीच लिहून ठेवतेय, कारण पुढं मी तिला बरंच काय काय बोललेय.

उन्हाळा होता. आमी सगळे अंगणात कूलरपुढं ओळीनं झोपायचो. आत्यानं अंधारात माझं बोट धरून ओढलं तेव्हा मला वाटलं साप आलाय. उठून बघते तर आत्या इस्त्रीची साडी नेसून, डोक्याला तेल लावून तयार, आणि आईनं सुशीला फोडणीला टाकलेला. आमच्याकडचा सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, पोह्यांचा गरीब चुलतभाऊ म्हणा. मी म्हणलं वर जाऊन खाऊ. आत्या म्हणली, "उपाशी पोटी उंबरा वलांडायचा न्हाई." मग खाल्ला. मग चहा. मग आत्याची पिशवी. तिच्यात धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दह्याचा डबा, बॅटरी, बाम, छत्री आणि एक बारकी उशी.

"उशी कशाला आत्या?"

"दगडावर काय तुजा पप्पा गादी आंथरून बसलाय का?"

आमी डोंगर चढायलो का बिऱ्हाड हलवायलो ते मला कळत नव्हतं. बॅटरी माझ्या हातात, पिशवी माझ्या खांद्यावर, आत्या पुढं मोकळी.

ठरलेलं असं होतं की नाझनीनच्या दारावर टकटक करायचं, ती बाहेर येईल, पुढं वैष्णवीच्या गेटवर खोकायचं, ती बाहेर येईल, आणि टकल्या. अजान होऊन गेली होती. नाझनीन भावाचे स्पोर्टचे बूट घालून उभीच होती, बूट इतके मोठे की ती चालली की आधी पाय जायचा आणि मग बूट यायचा. पण तिच्या मागून तिची अम्मी आली.

"खाली पेट चढते क्या डोंगर? बैठो बैठो. शिरा हो रहा है."

मी आत्याकडं बघितलं. डोळ्यांनी नाही म्हण म्हण असं सांगितलं. आत्या उंबऱ्याच्या आत पोचली पण होती. दोघी जुन्या मैत्रिणी. आत्याचं म्हणणं, कढईत तूप सुटलेलं असताना उठून जायला आपण काय पोलीस हाय का. शिरा आला, चहा आला. आत्यानं अम्मीच्या सुनेच्या डोहाळ्यांची सगळी चौकशी केली. नाझनीन माझ्या कानात म्हणली, "फिकीर नको करू, टाइम आहे. मी कॅलेंडर बघितलंय." मी विचारलं किती टाइम आहे. ती म्हणली, "कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं, पण सूर्य तोच आहे ना."

निघालो तेव्हा अंधार जरा पातळ झाला होता. कुत्री उठायली होती. मी आत्याला मागून ढकलायच्या बेतात होते.

आता वैष्णवीच्या गेटबद्दल सांगावं लागेल. ते देवळाचं घर. तिचे आजोबा पुजारी, वडील तहसीलमधी क्लार्क. आमी जयभीमवाले. पाचवीपासून मी तिला बोलवायला जायचे आणि गेटवर थांबून खोकायचे. त्या गेटच्या कडीला माझी जेवढी ओळख आहे तेवढी माझ्या मानवतच्या मामाला पण नाही. कोणी मला आत येऊ नको असं कधी म्हणलं नव्हतं. ये असं पण कधी म्हणलं नव्हतं. मला त्याचं फार काही वाटायचं नाही, गेटवर उभं राहायचं असतं म्हणून उभं राहायचं, नाझनीन पण तिथंच उभी राहायची, आमी दोघी तिथं चिंचा खायचो. आत्याचं पण तेच. वैष्णवीचं पहिलं वजन आत्यानं केलं ते त्या घराच्या ओट्यावर. डोस पाजले ते ओट्यावर. त्या घराचा ओटा तिला पाठ होता, आत किती खोल्या आहेत ते माहीत नव्हतं. आणि आपल्या भागातल्या एखाद्या घरात किती खोल्या आहेत ते आत्याला माहीत नाही, हे म्हणजे लयच झालं.

मी खोकले. वैष्णवी आली. वेणी घातलेली, पाण्याची बाटली गळ्यात, एकदम तयार. मी मनात म्हणलं, वाचलो. आणि तिच्या मागं तिची आई दारात येऊन उभी राहिली. आजोबा काकड्याला देवळात गेले होते. काकूंनी पदरानं हात पुसले, एकदा गल्लीत इकडं तिकडं बघितलं, आणि म्हणल्या, "बाई, आत या ना. चहा ठेवलाय."

आत्या कधी गप्प बसत नाही. झोपेत पण बोलते. त्या वेळी ती गप्प बसली. काकूंनी परत म्हणलं, "या की. पोरीसाठी एवढं उठून आलात."

"मी पण?" नाझनीननं हळूच मला विचारलं.

"तू पण गं," काकू म्हणल्या. "ते बूट मात्र बाहेर काढ, दोन माणसं मावतील त्यात."

आमी आत गेलो. मी वैष्णवीकडं बघितलं, ती माझ्याकडं बघायली होती, जशी काय ती पण पहिल्यांदाच तिच्या घरात आली होती. काकूंनी कपाटातून फुलाफुलांच्या कपबश्या काढल्या, सगळ्यांना त्याच, आणि स्वतःला पण त्यातलाच एक कप घेऊन खाली बसल्या. आता इथपर्यंत सगळं छान होतं. पण माझ्यासमोर खिडकी होती, आणि खिडकीत आभाळ राखाडीचं पांढरं व्हायलं होतं.

आमी तिघींनी चहा गटकन प्यायला. जीभ भाजली. आत्यानं बशीत ओतला. बशी दोन्ही हातांनी धरली. फुंकर मारली. एक घोट घेतला. बशी खाली ठेवली आणि म्हणली, "फरशी कुठून आणली म्हणायची?"

"परभणीहून," काकू म्हणल्या.

"लय गुळगुळीत हाय. पोरं घसरत असतील."

"वैष्णवी घसरली की एकदा."

"कवा?"

मी आत्याच्या अंगठ्यावर पाय दिला. तिनं पाय काढून घेतला आणि बरणीतलं लोणचं कोणत्या मिठातलं आहे ते विचारलं. देवघर बघितलं, कूलर बघितला, स्वयंपाकघराच्या दारातून आत मान घालून "हवा चांगली येते" म्हणली. काकूंनी विचारलं, "अजून थोडा देऊ?" कोणाच्याही घरी हे विचारलं की नको नको म्हणायचं असतं. आत्यानं सरळ बशी पुढं केली. परत फुंकर. बाहेर चिमण्या सुरू झाल्या. नाझनीन भिंतीवरचं कॅलेंडर वाचायली, हे या वर्षीचं होतं, आणि तिचं तोंड बारीक बारीक होत चाललं होतं. वैष्णवी तिच्या आईला म्हणली, "आई, पुरे ना." काकू म्हणल्या, "अगं बसू दे की त्यांना." आणि तिसऱ्यांदा आधण ठेवलं.

त्या वेळी मला आत्याचा इतका राग आला होता की मी मनातल्या मनात तिला त्याच फरशीवरून घसरवलं.

मग जे काय पळालो. आमी तिघी पुढं, आत्या मागं "हळू, हळू, सूर्य काय एसटीय का सुटायला" म्हणत. गाव टकल्याच्या मावळतीला आहे, त्यामुळं चढताना डोंगर आमच्या आणि सूर्याच्या मधी. निम्म्यात गेलो असू, वैष्णवी एकदम थांबली आणि मागं बोट दाखवलं. खाली गावातल्या पाण्याच्या टाकीचं डोकं पिवळं झालं होतं. टाकीला सूर्य दिसला होता. आमाला नाही. मग समोरच्या मोबाइल टॉवरला दिसला. मग एका गच्चीवर कोणीतरी वाळत घातलेल्या पायजम्याला दिसला. अख्ख्या जिंतूरच्या वस्तूंनी सूर्य बघितला, आमी दगड बघत चढायलो. नाझनीनचा एक बूट निसटून खाली घरंगळत गेला, आणि आत्यानं तो झेलला आणि छत्रीच्या टोकावर अडकवून वर आणला.

वर पोचलो तर सूर्य चांगला वर येऊन बसला होता, कामाला लागलेला, डोळ्यात घुसणारा. दूर येलदरीच्या पाण्याची एक पांढरी रेघ चमकायली होती. घामाच्या धारा लागलेल्या. पाचवीपासूनचं ठरलेलं, आणि झालं काय तर घामोळं. वैष्णवी नुसती बाटलीचं झाकण उघड-बंद करत बसली. ते बघून माझं डोकं सटकलं.

"आत्या, तुझ्या चहापायी गेला ना सूर्य. एक कप पिऊन उठता आलं नसतं? तिसरा कशाला पाहिजे होता?"

आत्या उशीवर बसून गुडघ्याला बाम लावायली होती. "सूर्य उद्या पण येतोय," ती म्हणली. "ती बाई उद्या बोलवंल का न्हाई, मला काय म्हाईत? म्हणून पिऊन घेतला."

ती भांडायच्या आवाजात बोलली असती तर मी भांडले असते. ती बामच्या डबीचं झाकण लावत बोलली. मी दुसरीकडं बघितलं. इथंच डोळ्यात घाम गेला.

मग नाझनीन उठली. ती त्या टेंगळाच्या दगडामागं गेली आणि दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं तिचा आवाज आला. "अरे इकडं या. इकडं अजून उगवला नाही."

गेलो. ती दगडाच्या सावलीत उकिडवी बसली होती. "बसा माझ्यासारखं. आता समोर बघा. सूर्य आहे का?"

नव्हता. दगड होता.

"आता हळूहळू उठा. घाई नाही करायची. हळू."

आमी हळूहळू उठलो. दगडाच्या काठावर आधी नुसता उजेड आला, मग एक नारिंगी किनार, मग पाव, मग अर्धा, मग अख्खा सूर्य टकल्याच्या टेंगळामागून वर आला. एकदम चित्रातल्यासारखा. एका डोंगराच्या चित्रातल्या. वैष्णवी इतकी हसली की तिला उचकी लागली. आमी परत खाली बसलो, परत उगवला. मग पटकन उठलो, पटकन उगवला. मग बसलो की मावळतो हे कळलं. मग नाझनीन एका पायावर उगवून दाखवायली आणि पडली. कोणी खालून बघितलं असतं तर तीन पोरी दगडामागं उठाबशा काढायल्या, काहीतरी शिक्षा झालीय, असंच वाटलं असतं.

"सरका," मागून आवाज आला. "मला पण उगवू द्या."

आत्याला खाली बसवायलाच दोघी लागल्या. बसली. "दिसत न्हाई काही," म्हणली समाधानानं. मग दोन्ही बाजूंनी बखोटं धरून आमी तिला वर उचललं, आणि दोन्ही गुडघे कडाड कडाड वाजत असताना तिच्यासाठी सूर्य उगवला. ती बघत उभी राहिली. मग म्हणली, "परत." आमी तिला परत बसवलं. माझा हा जो उजवा गुडघा आज वाजतो ना, त्याचं मूळ तिथं आहे.

धपाटे खाल्ले, दही संपवलं, चटणी नाझनीनच्या बुटात सांडली. उतरताना ऊन चटकायला लागलं तेव्हा छत्री निघाली आणि चौघी एका छत्रीखाली भांडत खाली आलो. वैष्णवीचं घर आलं. मी सवयीनं गेटपाशी थांबले. नाझनीन थांबली. आत्या थांबली नाही. तिनं स्वतः कडी काढली, गेट ढकललं, ओटा चढली, चपला काढल्या आणि आत बघून हाक मारली, "वहिनी, सकाळच्या चहात अद्रक लय झालं होतं. जळजळायलंय. पाणी द्या आधी."

मी जागच्या जागी मेले. पुजाऱ्याच्या घरात पहिल्यांदा चहा मिळाला आणि ही त्याला नावं ठेवायली. आजोबा परत आले होते, सोप्यात पंचांग घेऊन बसले होते. त्यांनी चष्म्यावरून आत्याकडं बघितलं. आत्यानं त्यांच्याकडं बघितलं. मग आजोबा आत मान वळवून म्हणले, "मी रोज सांगतो हिला. ऐकत नाही." आणि परत पंचांगात गेले.

काकू तांब्या घेऊन बाहेर आल्या, चेहरा लाल. "बसा तुमी. परत करते. कमी घालते."

"कमी न्हाई, ठेचून घाला. तुमी किसलंय."

"तुमाला कसं कळलं?"

मग त्या दोघी स्वयंपाकघरात गेल्या आणि वाद बराच वेळ चालला. चहा झाला, तो बिघडला, परत झाला. वैष्णवीची गादी, बॅग, डबा सगळं ओट्यावर तयार, वडील घड्याळ बघायले, आणि आत अद्रकाचं चाललेलं. शेवटी रिक्षा करून स्टँडवर गेले तर लातूरची गाडी जाऊन नुसता धुरळा उरला होता. वडील तिला आणि सगळं सामान घेऊन परत आले आणि म्हणले, "आता उद्या."

आमी तिघींनी एकमेकींकडं बघितलं. उद्या. म्हणजे अजून एक सकाळ, फुकट. आमी नाझनीनच्या अम्मीची शपथ घेतली की उद्या कोणाच्याही घरी बसायचं नाही, शिरा नाही, सुशीला नाही, सरळ टकल्या.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा ऊन माझ्या पांघरुणावर होतं. शेजारी आत्याची बाज रिकामी. मी तशीच, तोंड पण न धुता पळत सुटले. वैष्णवीच्या गेटवर खोकले. कोणी आलं नाही. परत खोकले. आतून काकूंचा आवाज आला, "अगं खोकतेस काय, आत ये की."

आत गेले. वैष्णवी तोंड उघडं टाकून ढाराढूर झोपलेली. स्वयंपाकघरात आत्या पाटावर बसली होती, पदर खोचून, खलबत्ता मांडीपाशी, आणि काकू तिच्याजवळ वाकून बघायल्या होत्या. मागं उगवतीची खिडकी उघडी.

"आत्या, सूर्य," मी म्हणलं.

"आला की. हितूनच बघितला मी," ती म्हणली. "नारळाएवढा होता."

"मग मला उठवायचं ना."

"उठवलं. तू म्हणलीस पाच मिन्टं."

मी खाली बसले. आत्यानं चहा गाळला, एक घोट घेऊन बघितला, काकूंकडं बघून मान हलवली, आणि बशी माझ्याकडं सरकवली.

"घे. आज जमलाय."